सासूबाईंच्या बाजूचं दार

योगेश खैरनारची गाडी दार बंद असताना अतिशय स्वच्छ असे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत रोज सकाळी पिवळं फडकं घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालणारा तो एकटाच. काचा लख्ख, आणि बॉनेट असं की त्यात बघून भांग पाडावा. पण दार उघडलं की जी कड दिसते, बिजागऱ्या, लॉक आणि रबर यांच्यामधली ती अडचणीची जागा, तिथे गाडी घेतल्यापासून कोणाचं फडकं गेलं नव्हतं. त्यात योगेशची फार चूक होती असं नाही. दार लावलं की जी जागा दिसत नाही ती घाण आहे, असं मानायची आपल्याकडे पद्धतच नाही.

ती जागा सगळ्यांना दिसली रोहितच्या साखरपुड्यात. रोहित हा योगेशचा मेहुणा, म्हणजे बायकोचा, उज्वलाचा, एकुलता एक भाऊ. सासूबाई, गोजराबाई, नामपूरहून योगेशच्या गाडीतून आल्या होत्या, मोतिया रंगाची नवी कोरी रेशमी साडी नेसून. उतरताना साडी दाराच्या कडेला घासली. ग्रीस आणि अनेक वर्षांची धूळ यांचं जे काळं मलम तिथे तयार झालं होतं, त्याने कंबरेपासून गुडघ्यापर्यंत एक ठसठशीत पट्टा ओढला. फोटोग्राफरने आपलं काम चोख केलं. एकूण एक फोटोत नवरदेवाची आई आणि तो पट्टा. विहीणबाईंनी पुढे केलेला कागदी रुमालसुद्धा एका फोटोत आला.

घरी गेल्यावर सासूबाईंनी आपल्या बागलाणी बोलीत एवढंच विचारलं, "गाडी शे का काजळनी डबी?"

झालं. गाडीचं नाव काजळाची डबी पडलं. सर्वांत जास्त हसले ते थोरले जावई नाथाभाऊ. त्यांचा पिंपळगाव बसवंतला कांद्याचा व्यापार, गाडी ट्रकच्या उंचीची, आणि हसू त्या गाडीच्या हॉर्नएवढं. तेव्हापासून सासूबाई कुठेही जायचं झालं की नाथाभाऊंच्या गाडीतून जात. योगेशच्या गाडीतून फक्त त्यांच्या पिशव्या येत, त्याही वर्तमानपत्रात गुंडाळून.

आता धाकट्या जावयाची जागा मुळातच नाजूक असते. थोरला आधी आलेला असतो, त्याचा रुसवा-फुगवा सगळा काढून झालेला असतो, तो घरचाच होऊन जातो. धाकट्याला घरात बोलावतात, पण महत्त्वाचं बोलणं सुरू झालं की "योगेशराव, तुम्ही चहा घ्या" म्हणतात. योगेश एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा. वर्गातल्या मुलांना तो काय वाटायचा ते सोडा, पण सासरी त्याला कोणी साधी बेरीजसुद्धा विचारत नसे. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण लागायचं ते लागायचंच.

आणि अशात बस्त्याचा दिवस ठरला. लग्नाची सगळी कापडं दोन्हीकडच्या मंडळींनी एका दुकानात मांडी घालून बसून एकदाच घ्यायची, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. दुकान पिंपळगावचं ठरलं. त्या सकाळी नाथाभाऊंचे कांद्याचे ट्रक भरायचे होते, म्हणून नाथाभाऊ परस्पर दुकानात येणार. म्हणजे सासूबाईंना नामपूरहून आणायचं काम योगेशवर आलं.

"आईला तुम्हीच आणायचंय," उज्वला म्हणाली. "आणि अहो, ह्या वेळी…"

"ह्या वेळी काय?"

"काही नाही."

त्या 'काही नाही'मध्ये अख्खी मोतिया साडी होती. योगेशने त्याच क्षणी ठरवलं. सासूबाईंनी विहीणबाईंच्या देखत, नाथाभाऊंच्या देखत, आपल्या गाडीतून डागाविना उतरायचं. बाकी त्याला काही नको होतं.

आदल्या रविवारी सकाळी तो बादली, शॅम्पू, फडकी आणि न्हाणीघरातला सर्वांत जुनाट दिसणारा दात घासायचा ब्रश घेऊन खाली उतरला. चारही दारं सताड उघडली. आणि जिना उतरून झुंबरराव आले.

झुंबरराव सोसायटीचे सेक्रेटरी. सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, म्हणजे खातं सुटलं होतं, बाकी सगळं तसंच होतं.

"धुताय की पुसताय?" त्यांनी विचारलं.

"दाराची कड साफ करतोय."

"तसं नाही चालत. गाडी बाहेरून पाण्याने धुवायला मनाई आहे. आतून साफ करायला मुभा आहे. आता ही जागा आतली का बाहेरची?"

योगेशने वाकून पाहिलं. गणिताचा माणूस, त्याला प्रश्न आवडला, हीच त्याची चूक झाली. "दार उघडं असेल तर बाहेरची," तो म्हणाला, "आणि बंद असेल तर आतली."

"म्हणजे वादग्रस्त," झुंबरराव समाधानाने म्हणाले. "कमिटीपुढे ठेवावं लागेल. पुढची बैठक संक्रांतीनंतर."

संक्रांतीनंतर तर रोहितचं लग्न होऊन हनिमूनसुद्धा आटोपणार होता. योगेशने सासूबाई, साडी, पट्टा, कागदी रुमाल, सगळं सांगितलं. झुंबररावांचं मन द्रवलं. त्यांनाही एक सासू होती. त्यांनी नियमावली मनातल्या मनात उलटून पाहिली आणि ते म्हणाले, "मनाई पाईपने पाणी मारायला आहे. फवारणीचा नियमात कुठेही उल्लेख नाही."

झुंबररावांची ओझरजवळ थोडी द्राक्षबाग होती. त्यांच्या स्कूटरच्या मागे पाठीवर अडकवायचा फवारणीचा पंप सदैव तयार असे. तो त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतला, कारण सोसायटीची मालमत्ता नसली तरी जबाबदारी आपली, असं ते म्हणाले. मग जसा वेलीच्या खोडापासून शेंड्यापर्यंत फवारा मारतात तसा त्यांनी दाराच्या कडेवर मारला. कड तर भिजलीच. लॉक भिजलं, काच खालीवर करायची बटणं भिजली, मागची सीट भिजली, आणि योगेशही भिजला. वादग्रस्त जागेचा प्रश्न असा सुटला की पाणी सगळं आतच गेलं.

योगेश ब्रश घेऊन घासायला बसला. काळं मलम सुटायला लागलं. एवढ्या वर्षांनी गाडीचा मूळ रंग दिसला तेव्हा त्याला भरून आलं. मागच्या डाव्या दाराच्या कडेला लॉकच्या खाली एक बारीक काळी खुट्टी होती. ब्रश तिला लागला आणि ती टक् करून खाली गेली. योगेशला वाटलं, चिकटलेला कचरा निघाला, आणि तो खूश झाला. ती खुट्टी लहान मुलांच्या सुरक्षेसाठी असते. ती खाली केली की मागचं दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरूनच उघडतं. हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात सचित्र दिलेलं आहे. योगेशकडचं ते पुस्तक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं.

सगळं आटोपल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा बुद्धभूषण खाली आला. हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता, अचूक माणूस, पण त्याचा सल्ला नेहमी निकाल लागल्यावर येत असे.

"सर, त्या खाचेत जोराने पाणी मारायचं नसतं," तो म्हणाला. "लॉकमध्ये जातं. फडकं ओलं करून पिळून घ्यायचं, मऊ ब्रशने घासायचं, लगेच कोरडं करायचं. बिजागरीचं ग्रीस पूर्ण काढलं तर नवीन लावायचं. आणि हे सीटवर निळं काय आहे?"

सीटवर निळसर ठिपके उमटायला लागले होते. पंपात मागच्या फवारणीचं मोरचूद तळाला राहिलं होतं.

"बागेला चालतं," झुंबरराव म्हणाले आणि पंप घेऊन वर गेले.

योगेशही वर गेला. न्हाणीघरातून उज्वलाचा आवाज आला, "अहो, तुमचा ब्रश कुठे ठेवलात?"

"माझा? मी तर जुनाट बघून घेतला."

"तोच तुमचा."

एवढं बोलून तिने त्याला दुसरा ब्रश काढून दिला.

संध्याकाळी नवीन प्रकार सुरू झाला. बिजागरीचं ग्रीस धुऊन गेल्यामुळे दार उघडताना असं केकाटायला लागलं की चौथ्या मजल्यावरच्या झुंबररावांच्या पत्नी, मंगलाबाई, गॅलरीत आल्या. त्यांनी वरूनच निदान केलं आणि घाण्याचं खोबरेल तेल खाली पाठवलं. "आमच्या शिवणयंत्राला हेच घालते. भरपूर घाला, कंजूषपणा करू नका." योगेशने कंजूषपणा केला नाही. बिजागऱ्यांत घातलं, आणि लॉकमध्ये गेलेलं पाणी निघेल म्हणून लॉकमध्येही ओतलं. दार गप झालं. गाडीला चंपीचा वास यायला लागला, पण दार गप झालं.

आता नाशिकच्या थंडीत खोबरेल तेलाचं काय होतं हे जिल्ह्यातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. बाटली चुलीजवळ नाहीतर उन्हात ठेवल्याशिवाय त्यातून थेंब येत नाही. योगेशच्या घरातही ती बाटली रोज सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी असते. पण बाटलीतलं तेल आणि दारातलं तेल हे एकच, असं काही त्याच्या मनात आलं नाही. बस्त्याच्या दिवशी पहाटे त्याने दार उघडायला जोर लावला तेव्हा बिजागरीतून पांढऱ्या गोळ्या पडल्या. त्याने दिसतील तेवढ्या पुसल्या. लॉकच्या आतल्या कशा पुसणार? निळे ठिपके झाकायला उज्वलाने सीटवर सोलापुरी चादर घातली, आणि योगेश एकटाच नामपूरला निघाला.

गोजराबाई ओट्यावर तयार उभ्या होत्या. अंगावर शेतात नेसायची गडद तपकिरी साडी. योगेश बघतच राहिला. सुनेच्या बस्त्याला ही साडी?

"तुमनी गाडीमा बसानं शे, म्हनीसन हाई नेसनू," त्या म्हणाल्या. तुमच्या गाडीत बसायचंय म्हणून ही नेसले. चांगली साडी पिशवीत होती. देवळ्याला त्यांची बहीण राहायची, तिच्या घरी बदलायची आणि तिथून पुढे जपून जायचं, असा त्यांचा बेत होता.

हे अपमानास्पद होतं. घसा फाडून सांगावं, आई, एकदा कड बघा, असं योगेशला वाटलं. पण जावयाने सासूला दाराची कड दाखवायची म्हणजे शेंबड्या पोराने पाटी दाखवल्यासारखं. सासूबाई चादरीवर बसल्या, वास घेतला, "डोकं दुखस का तुमनं?" असं विचारलं आणि सटाण्यापर्यंत झोपल्या.

देवळ्याला बहिणीच्या दारात गाडी थांबली. योगेश उतरला. मागे सासूबाई दाराची आतली कडी ओढत होत्या. एकदा ओढली, दोनदा ओढली. दार ढिम्म. योगेशने मनाशी हिशेब मांडला. तेल गोठलं, आत लॉकमध्ये दगड झाला. आता हे सांगायचं तर तेल का घातलं ते सांगावं लागणार, मग केकाटणं, मग फवारा, मग निळे ठिपके. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी काजळाची डबी. तो गाडीला वळसा घालून अक्षरशः धावत आला, बाहेरून दार उघडलं, आणि घाबरल्या घाबरल्या सासूबाईंचं डोकं वर आपटू नये म्हणून वरच्या कडेला हात धरला.

गोजराबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. उतरताना पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी सहज म्हणून दाराच्या कडेवर फिरवलं, जसं हंड्याच्या बुडाला काजळी लागली का बघतात. टोक कोरं निघालं. ते त्यांनी नीट बघितलं आणि सोडून दिलं. एवढ्या रविवारभराच्या मेहनतीवर अवाक्षर नाही. योगेशला फार वाईट वाटलं.

मात्र बहिणीच्या घरून त्या निघाल्या तेव्हा अंगावर ती मोतिया साडी होती. डाग काढून आणलेली. आणि गाडीपाशी येऊन त्या दाराला हात न लावता उभ्या राहिल्या. योगेशने दार उघडलं. त्या बसल्या. त्याने लावलं.

पिंपळगावला दुकानासमोर दोन्हीकडची सगळी मंडळी उभी होती. नाथाभाऊ आणि त्यांची बायको मीना, उज्वला, रोहित, नवरीकडचे. उज्वला नाशिकहून रोहितबरोबर आली होती. गाडी थांबल्याबरोबर व्याह्यांनी योगेशचा हात धरला आणि द्राक्षाच्या भावाबद्दल बोलायला लागले. योगेशचा एक हात त्यांच्या हातात आणि सगळा जीव मागच्या दाराकडे. सासूबाई आता कडी ओढणार, दार उघडणार नाही, नाथाभाऊ हसणार. आणि मग काजळाच्या डबीचं नाव बदलून उंदराचा पिंजरा होणार.

पण सासूबाई कडी ओढतच नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत, ताठ बसल्या होत्या.

"आई उतरत का नाही?" मीनाने विचारलं.

योगेशने व्याह्यांच्या हातातून हात सोडवला, वळसा घातला, दार उघडलं, वरच्या कडेला हात धरला. गोजराबाई उतरल्या. साडीला कुठे ठिपका नाही, डाग नाही. विहीणबाईंची नजर अगदी गुडघ्यापर्यंत जाऊन परत आली, ती योगेशने टिपली.

"आमना धाकला जवाई," गोजराबाई विहीणबाईंना म्हणाल्या. "माले दारले हातच लावू देत नही."

नाथाभाऊ हसले नाहीत. योगेश त्या दुकानात दिवसभर पांढऱ्या गादीवर असा बसला होता की बघणाऱ्याला वाटावं, त्याचाच बस्ता आहे. नवरीच्या शालूचा रंग ठरवताना सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "योगेशराव, तुमले कसा वाटस?" योगेशला रंगांतलं काही कळत नाही. पण त्याने उत्तर दिलं, आणि तोच शालू घेतला गेला.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघंच होते. देवळा मागे पडल्यावर गोजराबाई मागून म्हणाल्या, "तुमना सासरानी बी माले कधी दार उघाडी दिन्हं नही." तुमच्या सासऱ्यांनीसुद्धा मला कधी दार उघडून दिलं नाही. त्यात तक्रार नव्हती. बैलगाडीला दार नसतं आणि एस्टीचं कंडक्टर उघडतो, त्यामुळे संबंधच आला नव्हता, असंही त्यांनी पुढे सांगितलं. पण बोलताना आवाज जरा ओला झाला होता.

खरं सांगून टाकावं असं योगेशला फार वाटलं. सांगितलं नाही. सासऱ्यांची आठवण निघाल्यावर खोबरेल तेलाबद्दल बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बुद्धभूषणने पार्किंगमध्ये दार उघडून पाहिलं आणि म्हणाला, "सर, तेलाचा काही संबंध नाही. लहान मुलांचं लॉक लागलंय. ही खुट्टी वर केली की झालं."

"हात लावू नको," योगेश म्हणाला. "लग्न होऊ दे."

लग्नाच्या दिवशी मानाप्रमाणे गोजराबाई थोरल्या जावयाच्या गाडीतून कार्यालयात निघाल्या. योगेशला वाईट वाटलं, पण फेटा बांधलेला असल्यामुळे चेहऱ्यावर दिसलं नाही. तो पाहुण्यांना घेऊन आधीच पोचला होता. मंगलाष्टकांची वेळ झाली, भटजी घड्याळ बघायला लागले, आणि नवरदेवाची आई सापडेना. तेवढ्यात योगेशचा फोन वाजला. नाथाभाऊ होते.

"योगेशराव, लय अवघड झालंय. मी बँडवाल्याशी बोलून आलो, तर सासूबाई अजून गाडीतच. उतरत नाय."

"दार उघडत नाही का?"

"दार उघडतं हो. मी सांगितलं, कडी ओढा. तर म्हणतात, आम्ही नाय ओढत. तुम्ही काय शिकवून ठेवलंय त्यांना?"

योगेश फेटा सावरत मांडवातून धावत सुटला. नाथाभाऊ त्या उंच गाडीपाशी कानकोंडे होऊन उभे होते. योगेशने दार उघडलं, हात वर धरला.

"उशीर कया, जवाईबापू," गोजराबाई म्हणाल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरल्या. लग्न वेळेवर लागलं. जेवणाच्या पंगतीत नाथाभाऊंनी योगेशला एका बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की डोक्यावर धरायचा तो हात नेमका डावा का उजवा.

लग्नानंतर योगेशने ती खुट्टी वर केली. सासूबाई दाराला हात लावणारच नव्हत्या, मग खुट्टीचं काम काय? त्या संध्याकाळी तो आणि उज्वला बाजारातून आले. त्याने गाडी लावली, दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या आणि लिफ्टपाशी गेला. वळून बघतो तर उज्वला नाही. परत आला. ती पुढच्या सीटवर बसलेली.

"दार अडकलं का?" त्याने काचेतून विचारलं. "पुढच्या दाराला तर ती खुट्टीच नसते."

"नाही. चांगलं उघडतंय."

"मग?"

"मग काय," उज्वला म्हणाली. "आईसाठी मांडवातून धावत जाता. मी इतकी वर्षं आपली स्वतःच उघडतेय."

ती हसत नव्हती. योगेशने पिशव्या खाली ठेवल्या. एकीतून कांदे घरंगळत झुंबररावांच्या स्कूटरखाली गेले, ते त्याने जाऊ दिले. त्याने दार उघडलं.

उज्वला तरीही उतरली नाही. "आणि वर हात," ती म्हणाली. "डोक्याला लागेल ना माझ्या."

योगेशने हात धरला.